गिरगाव आणि गिरणगाव वॉक: दोन रविवार, सोबत बाबा. सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगते, रिव्ह्यू मोठा होणार आहे, कारण दोन रविवार, मुंबईच्या जुन्या भागांतून गाईडसोबत चालत फिरायच्या दोन वेगळ्या वॉक आणि सोबत माझे ७४ वर्षांचे बाबा. ज्यांना फक्त करावी का नको एवढंच हवंय त्यांच्यासाठी, करा, गिरगाववाली तर कराच. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नेणार असाल तर शेवटी टॉयलेट आणि चालण्याबद्दल लिहिलंय ते वाचून मगच पैसे भरा.

ग्रुपचं नाव देत नाहीये कारण तक्रारी पण आहेत, माणसं मेहनतीने करतायत आणि मी त्यांना वेगळा मेसेज करून सगळं कळवलंय. माणशी ६५० रुपये एका रविवारचे, त्यात एक चहा-नाश्ता. सीनियर सिटिझनना सवलत नाही, ती असायला हवी असं मला वाटतं.

आता मुळात का गेलो ते. बाबा जन्मले आणि वाढले फणसवाडीत, चाळीत दुसऱ्या मजल्यावर, दहा बाय बाराची खोली आणि सात माणसं. १९७९ ला आम्ही डोंबिवलीला आलो, म्हणजे ते आले, मी नंतरची. गिरगावातून डोंबिवली, बोरिवली, ठाणे असं गेलेलं दर तिसरं घर तुम्हाला माहीत असेल. ते नुसते गणपतीत गिरगावात जाऊन यायचे, मग गुडघे दुखायला लागल्यावर तेही बंद झालं. मी ही वॉक बघितली आणि त्यांना न विचारता दोघांचं बुकिंग केलं. ते म्हणाले, "मला माझं गिरगाव कोण दाखवणार आता?" पण शनिवारी रात्री बूट पुसून ठेवलेले होते.

पहिला रविवार, सकाळी सातला पायधुनीच्या नाक्यावर जमायचं होतं. सुरुवात झाली सात पंचवीसला कारण चार जण उशिरा आले आणि त्यांच्यासाठी बाकी सगळे थांबले, यात काही अर्थ नाही, सात म्हणजे सात. पण एकदा सुरू झाल्यावर मात्र मी घड्याळ बघितलं नाही. जी ताई वॉक घेते तिची पद्धत अशी की ती इमारती दाखवत सुटत नाही, ती नावं धरून चालते. तिचं म्हणणं असं की मुंबईत वस्तू जाते आणि नाव राहतं, म्हणून नाव विचारायचं आणि काय गेलं ते शोधायचं. मला हे इतकं पटलं की आता लोकलमध्ये बसल्यावर प्रत्येक स्टेशनला तेच डोक्यात येतं.

पायधुनीच घ्या. पाय धुवायची जागा. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधल्या खिंडीतून भरतीचं पाणी आत घुसायचं ते पार इथपर्यंत यायचं, चिखलपाण्यातून येणारी माणसं इथे पाय धुवून पुढे गावात जायची. १७८० च्या दशकात ती खिंड बांध घालून बुजवली (हॉर्नबी वेलार्ड म्हणतात ती), मग हळूहळू मधली पाणथळ जमीन भरत गेली आणि सात बेटांचं एक शहर व्हायला सुरुवात झाली. मी शाळेत सात बेटं पाठ केली होती, कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, माहीम, वरळी, पण भर बाजारात हातगाड्यांच्या मधे उभं राहून "इथे पाणी होतं" असं कोणी सांगितलं की अंगावर वेगळाच काटा येतो. जवळच उमरखाडी आहे, त्या नावात पण खाडी आहेच. खेतवाडीत शेत नाही, धोबी तलावात तलाव नाही, चर्चगेटला गेट नाही, फोर्टचा किल्ला १८६० च्या दशकात पाडला, पण पत्ता सांगताना आपण सगळे अजून तोच किल्ला सांगतो.

तिथून भुलेश्वर, मुंबादेवी असं करत ठाकूरद्वारला. मुंबादेवीचं देऊळ आधी हल्लीच्या सीएसएमटीच्या बाजूला होतं, अठराव्या शतकात तिथून इकडे आलं, हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे जिच्यावरून शहराला नाव पडलं त्या देवीलासुद्धा घर बदलावं लागलंय. हा भाग जरा घाईत झाला, भुलेश्वरला गर्दी पण खूप असते आणि आम्ही २८ जण होतो, ताईकडे माइक नव्हता, मागच्या दहा जणांना काहीही ऐकू येत नव्हतं. २८ जास्त आहेत. १५ च्या वर घेऊ नयेत, हवं तर १०० रुपये वाढवा पण माणसं कमी करा.

मग आल्या वाड्या. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी. ही सगळी खरोखरची वाडी होती, म्हणजे नारळ, फणस, केळीच्या बागा, आपल्या कोकणात अजून म्हणतात तशी वाडी, आणि मलबार हिलच्या पायथ्याचं म्हणून गिरगाव, गिरीजवळचं गाव. बागा तुटल्या, चाळी झाल्या, नावातला फणस मात्र राहिला. इथे ताईने बाबांना विचारलं, "काका, तुम्ही कुठे राहायचात?" बाबांनी हात वर केला आणि आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. टॉवर. वीस-बावीस मजले असतील, खाली गेट आणि सिक्युरिटीवाला. बाबा म्हणाले, "ती तिसरी खिडकी दिसते ना, साधारण तिथे आमची गॅलरी." कोणी काही बोललं नाही. मग ताईने सरळ त्यांनाच सांगायला सांगितलं आणि पुढची वीस मिनिटं माझे बाबा, जे घरी पेपर वाचताना तोंड उघडत नाहीत, ते बोलत होते. पहाटे चारला नळाला पाणी यायचं, मोरीत पिंप भरायचं, संडास मजल्याच्या टोकाला, सात बिऱ्हाडांत मिळून दोन, पोटमाळ्यावर दोन काका झोपायचे, उन्हाळ्यात सगळी पोरं गॅलरीत अंथरूण टाकायची आणि कोणाच्या घरी काय शिजतंय ते दार न उघडता सगळ्यांना कळायचं. दहावीचा अभ्यास जिन्याच्या दिव्याखाली केला म्हणाले. मी हे कधीच ऐकलं नव्हतं, दहावीचा अभ्यास जिन्यात केलेला माणूस माझ्या दहावीत मला स्वतःची खोली हवी म्हणून दोन शिफ्ट करत होता.

चाळी का पडल्या हे पण ताईने छान समजावलं. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या आकड्यांवर धरून ठेवली. भाडेकरूंसाठी ते देवासारखं होतं कारण त्याशिवाय गिरगावात कारकुनाला राहणंच शक्य नव्हतं, पण महिन्याला जेमतेम काही रुपये भाडं मिळणारा मालक प्लास्टर कशाला करेल? पावसाळा आला की टेकू लागायचे. मग पागडी (खोली मिळवायला भाड्याशिवाय द्यायची एकरकमी रक्कम), मग सेस (जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीचा कर) आणि दुरुस्ती करणारं रिपेअर बोर्ड, मग रिडेव्हलपमेंट. बाबांनी लगेच त्यांचं भाडं सांगितलं, महिना साडेअकरा रुपये! ग्रुपमधल्या एका कॉलेजच्या मुलाला वाटलं ते चुकून बोलले. ती वीस मिनिटं हा या वॉकचा सगळ्यात चांगला भाग होता आणि त्याचं श्रेय ताईलाच, कारण गाईड लोकांना स्वतःचं पाठ केलेलं सोडून दुसऱ्याला बोलू देणं जमत नाही.

केशवजी नाईक चाळ. १८९३ पासूनचा सार्वजनिक गणपती, १९०१ ला लोकमान्य स्वतः आले होते. गणपती नसताना ती चाळ बघणं वेगळंच आहे, शांत, दोरीवर कपडे, एक आजी तांदूळ निवडत बसलेल्या. इतकी वर्षं झाली पण मूर्ती लहानच आणतात, बाबा म्हणाले आम्ही लहान असताना पण एवढीच असायची. मला हे फार आवडतं.

खोताची वाडी. फोटो सगळ्यांनी बघितलेले असतात, लाकडी जिने, रंगीत कठडे, कौलं. अठराव्या शतकाच्या शेवटी खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथली जमीन ईस्ट इंडियन कुटुंबांना विकली आणि त्यांनी ही घरं बांधली. ईस्ट इंडियन म्हणजे बाहेरून आलेले कोणी नाहीत हो, हे इथलेच मूळचे, मराठी बोलणारे ख्रिश्चन. गोव्याहून येणाऱ्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, इथले, हे सांगण्यासाठी त्यांनी १८८७ ला, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, हे नाव घेतलं. त्यांच्या बाटलीतल्या मसाल्याचं नाव बॉटल मसाला, तो मी ऑर्डर केलाय, आल्यावर सांगेन. एकेकाळी इथे ६५ घरं होती म्हणतात, आता निम्मी पण उरलेली नाहीत.

आणि इथेच माझी सगळ्यात मोठी तक्रार. वाडीत स्पष्ट पाट्या आहेत, लोक राहतात, परवानगीशिवाय फोटो काढू नका. आमच्या ग्रुपमधल्या दोघी-तिघींनी एका घराच्या पायरीवर बसून पंधरा मिनिटं फोटोसेशन केलं, एकीने खिडकीतून आत मोबाइल घातला. आतून एक बाई बाहेर आल्या, काही बोलल्या नाहीत, फक्त खिडकी लावून घेतली. ताईने तेव्हा ओरडायला हवं होतं. तिने नंतर हळू आवाजात सांगितलं, पण ते नंतर. आपण कोणाच्या दारात जातोय हे वॉक सुरू करतानाच ठणकावून सांगा. रविवार सकाळी कोणी आपल्या खिडकीत मोबाइल घातला तर आपल्याला कसं वाटेल?

नाश्ता ठाकूरद्वारजवळच्या एका जुन्या उपाहारगृहात, साबुदाणा वडा आणि पियूष. पियूष उत्तम, वडा थोडा तेलकट. बाबांनी दोन ग्लास घेतले, शुगर असताना, मी काही बोलले नाही.

शेवट चौपाटीवर. १९२० ला टिळकांचे अंत्यसंस्कार इथे वाळूत झाले, तिथे पुतळा आहे. आणि समोर चर्नी रोड स्टेशन, त्याच्या नावाची गोष्ट अशी सांगतात की ब्रिटिशांनी गुरं चारण्यावर फी बसवली तेव्हा गरीब गुराख्यांसाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी २०,००० रुपये घालून ठाकूरद्वारजवळ समुद्राकडची कुरणं विकत घेतली, चरण्याची जागा म्हणून चर्नी. आता तिथून दर तीन-चार मिनिटांनी लोकल जाते आणि भुयारी मेट्रोचं गिरगाव स्टेशन पण झालंय. बाबा वाळूत बसून राहिले, मी त्यांना उठवायला अर्धा तास थांबले.

दुसरा रविवार, गिरणगाव. चिंचपोकळी स्टेशन, पुन्हा नावातच चिंच. इथे वेळेवर सुरुवात झाली (मागच्या आठवड्याच्या मेसेजचा परिणाम असेल, धन्यवाद) आणि माणसं पण १९ च होती. हा भाग दिसायला गिरगावसारखा सुंदर नाही आणि वॉकवाल्यांनी तो सुंदर करायचा प्रयत्न पण केला नाही, हे मला आवडलं. पहिली कापड गिरणी १८५४ ला कावसजी दावर यांनी काढली, मग अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद होऊन इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ ला युद्ध संपलं आणि तो बाजार कोसळला, पण शहरात पैसा खेळून गेला होता, पुढे गिरण्या वाढत गेल्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ८० च्या वर. आणि त्या चालवायला रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरहून आलेली माणसं.

आपण चाळीची गोष्ट ऐकतो ती बहुतेक वेळा गिरगावच्या कारकुनांची. गिरणगावातल्या खोलीची गोष्ट वेगळी आहे. इथे गावाच्या खोल्या असायच्या, म्हणजे कोकणातल्या एका गावच्या मंडळाने भाड्याने घेतलेली एक खोली, प्रत्येकाची भिंतीला एक ट्रंक आणि खुंटी, आणि पाळीप्रमाणे झोप. पहिल्या पाळीचा कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. बायको-मुलं गावाला. जेवण खानावळीत, ती खानावळ म्हणजे शेजारच्या चाळीतली एखादी बाई तिच्या स्वतःच्या चुलीवर दहा-पंधरा माणसांचा डबा करायची. या बायकांना १९७५ ला प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरण्यांबद्दल बोलताना भोंगा आणि संप येतो पण या बायका कोणी सांगत नाही, ताईने सांगितल्या, त्यासाठी तिला पैकीच्या पैकी.

१८ जानेवारी १९८२. कामगार नेते दत्ता सामंतांचा गिरणी संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. भारतमाता थिएटरसमोर उभं राहून हे ऐकताना ग्रुपमधले एक काका एकदम म्हणाले, "माझे वडील त्यात होते." पुढे काही बोलले नाहीत. ताईने पण विचारलं नाही. आजूबाजूला बघितलं तर गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि काचेची ऑफिसं, अधूनमधून एखादी चिमणी. यावर लोकांची वेगवेगळी मतं असतात, माझं मत असं की ज्यांच्या घामावर ती जमीन महाग झाली त्यातल्या फार थोड्यांना तिथे घर मिळालं, आणि हे चुकीचं झालं.

लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्यांचा ठसका आणि कांडपाचा धडधड आवाज, चिवडा गल्लीतून दीड किलो चिवडा घेतला. इथे अजून गिरणगाव जिवंत वाटतं, बायका गावाहून यादी घेऊन वर्षाचा मसाला करायला येतात.

परळची बीआयटी चाळ, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. १८९६ ला प्लेग आला, पुढे १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, त्याने गर्दीच्या वस्त्या तोडून रुंद रस्ते काढले, कामगारांसाठी चाळी बांधल्या आणि दादर-माटुंग्याला नव्या कॉलन्या आखल्या. या चाळीत डॉ. आंबेडकर वीसेक वर्षं राहिले, मग दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधलं, पुस्तकांसाठी म्हणून बांधलेलं घर, ५०,००० च्या आसपास पुस्तकं. वॉक चाळीपासून राजगृहापर्यंत नेते आणि मधे बसने दादर टीटीला उतरवते. एका छोट्या खोलीत बाहेरच्या गोंगाटात रात्रभर वाचत बसलेला माणूस आणि नंतर पुस्तकांना नीट जागा मिळावी म्हणून घर बांधणारा माणूस, हे अंतर पायाने आणि बसने जाऊन बघितल्यावर जे कळतं ते वाचून कळत नाही. बाबा राजगृहासमोर बूट काढून उभे राहिले.

दादर टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, ट्राम जाऊन साठ वर्षं झाली तरी कंडक्टर अजून टीटीच ओरडतो. ताई म्हणाली १९६० ला ट्राम बंद झाली. बाबा म्हणाले, "नाही हो, ३१ मार्च १९६४. मी इथे उभा होतो, काकांबरोबर आलो होतो शेवटची ट्राम बघायला, बोरीबंदरहून आली, माणसं लटकलेली." ताईने लगेच वही काढून लिहून घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की माझी चूक होती. अशा माणसाच्या हातात वॉक आहे म्हणून मी परत जाईन. ट्राम १८७४ ला घोड्यांवर सुरू झाली, विजेवर १९०७ ला, हे तिला बरोबर माहीत होतं.

शेवट फाइव्ह गार्डन्स आणि पारशी कॉलनी, भिंती नसलेली, रस्ते रुंद, झाडं आखणीतच धरून लावलेली. मंचेरजी जोशी या इंजिनिअरने पारशी मध्यमवर्गासाठी ट्रस्टकडून हे प्लॉट मिळवले. सकाळी इतकं गिरणगाव बघितल्यावर ही सावली डोळ्यांना बरी वाटते पण इथे पोचेपर्यंत सगळे दमले होते, हा भाग वीस मिनिटांत उरकला. याची वेगळी वॉक करा, शिवाजी पार्कसकट. शिवाजी पार्क १९२५ चं, दोन वर्षांनी महाराजांच्या ३०० व्या जयंतीला नाव बदललं, त्या कट्ट्यावरच एक तास जाईल.

आता कामाचं. पहिली वॉक साधारण साडेतीन तास, दुसरी चार. दोन्हीत बसायच्या जागा कमी. टॉयलेट पहिल्या वॉकमध्ये फक्त नाश्त्याच्या ठिकाणी, दुसऱ्यात दादरला पोचेपर्यंत नीट काही नाही, बाबांना लालबागमध्ये एका ओळखीच्या नसलेल्या घरात विचारावं लागलं, त्या लोकांनी आत घेतलं, पाणी दिलं, खुर्ची दिली, पण हे वॉकवाल्यांनी आधी बघून ठेवायला हवं. छत्री आणि पाण्याची बाटली ठेवा. जून ते सप्टेंबर नका जाऊ, गल्ल्या निसरड्या असतात. चामड्याचे बूट नको, बाबांचे फोडांनी पाय भरले आणि दुसऱ्या रविवारी ते माझ्या भावाचे स्पोर्ट्स शूज घालून आले.

गिरगावला पाचपैकी साडेचार, गिरणगावला चार, फोटोवाल्यांना न अडवल्याबद्दल गिरगावचा अर्धा कापलाय. पुढच्या महिन्यात माझगावची नवीन सुरू होतेय, म्हातारपाखाडी वगैरे, त्याचं बुकिंग यावेळी बाबांनी स्वतः केलं, तीन जणांचं, फणसवाडीतल्या त्यांच्या शेजारच्या खोलीतले मित्र आता विरारला असतात, त्यांना पण बोलावलंय.